माझे कोडगे जंतू

प्रिय धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत, खोकला काय म्हणतो? मी जिवंत आहे हे अक्षरावरून ओळखलंच असशील (इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाला जमणार नाही). पत्र घेऊन माझी सून आली आहे. तिला घरात मोकळं फिरू दे, तू उठू नकोस. चष्मा लाव आणि सावकाश वाच, एकही ओळ गाळू नकोस.

तर झालं असं, उशीचा अभ्रा शिवताना सुई हरवली, ती सापडली माझ्याच पायात. पाय सुजला. पण आपला गोळ्यांचा डबा आहे ना (घरात कुणाला बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्यात जातात, तुला ठाऊकच आहे). त्यातली लाल-पिवळी काढली. नातवाच्या घशाला लागू पडली होती, आणि घसा काय, पाय काय, शरीर एकच. जरा उतार पडला तशी बंद केली. चांगली गोळी उगाच संपवायची कशाला?

मग पाय भोपळ्याएवढा झाला, ताप डोक्यात गेला आणि सुनेने उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचे जंतू औषधाला दाद देत नाहीत." मी म्हटलं, म्हणजे ह्यांच्यावरच गेलेत. जन्म गेला, पण ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला कधी दाद दिली नाही. डॉक्टर हसले नाहीत. औषधं बदलली, जंतू ढिम्म. मग त्यांनी समजावलं, की अर्धवट गोळ्यांनी लेचेपेचे जंतू मरतात, दांडगे उरतात, आणि त्यांची पिलावळ गोळीला भीत नाही. म्हणजे अर्धामुर्धा मार खाल्लेलं पोर कोडगं होतं, तसंच. एवढी पोरं वाढवली, पण इतकी कोडगी निपजली ती हीच.

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. येईल तो टोपी, मास्क, झगा, हातमोजे घालून. जन्मभर "हात धुऊन या" म्हणून मी घसा कोरडा केला, आणि तिथे सगळे न सांगता धुवायचे. माहेरी आल्यासारखं वाटलं बघ. फक्त कोण कोण ते कळेना. एकाला मुलगा समजून झापलं, "पोट किती सुटलंय, चालत जा जरा." ते मोठे डॉक्टर निघाले. दुसऱ्या दिवशी झगा सैल घालून आले.

तेच नंतर म्हणाले, आता एकच औषध उरलंय, ते नाही चाललं तर पाय काढावा लागेल, नाहीतर... मुलगा काचेपलीकडे डोळे पुसत होता. मी मनाशी म्हटलं, मास्क घट्ट बसला असेल. खरं सांगते, तेव्हा तुझीच आठवण आली. मी गेले तर हिला ओरडणार कोण?

शेवटी दाद दिली मेल्यांनी. आता मी घरभर लंगडते आणि सगळ्यांच्या मध्ये येते. फार मजेत आहे.

तुझी, दोन्ही पायांवर उभी असलेली,
थोरली

ता. क. खोकल्यासाठी मी तुला दिलेल्या लाल-पिवळ्या गोळ्या टाकून दे.

पुन्हा ता. क. तू टाकणार नाहीस. मीही टाकल्या नसत्या. म्हणून तर पत्र एवढं लांबवलं. एव्हाना सुनेने तुझं कपाट उघडलं असेल (किल्ली पिठाच्या डब्यामागे, लहानपणापासून तुझी लपवायची जागा एकच). आता आदळआपट न करता तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि खोकला दाखव.

आणि उशीखाली हात घालू नकोस. ती गोळ्यांची पुरचुंडी तिने सगळ्यात आधी काढली.