मागे वळून बघण्याचा दावा

माय, परवा माझ्या दाव्याचा निकाल लागला. कोर्टातून घरी आले, पंखा लावला, आणि पहिला विचार आला की हे तुला सांगायला हवं. माझ्या लग्नाला जितकी वर्षं झाली त्याहून जास्त तुला जाऊन झाली, तरी ही खोड जात नाही. काही घडलं की आधी तू, मग नवरा, मग बाकीचं जग. तुला वाचता यायची ती बसवरची गावांची नावं तेवढी, म्हणून मी हे सावकाश, ओठांतल्या ओठांत म्हणत लिहितेय. दुपार आहे. ऊन खिडकीतून उतरून माठापर्यंत आलंय आणि तिथेच पेंगतंय. घरात कोणी नाही. मी भिंतीला पाठ लावून बसलेय. दोन वर्षं झाली, मी बसते ती भिंतीला पाठ लावूनच, आणि आमचा सगळा दावा होता तो याच गोष्टीचा.

तू असताना मी कॉलेजात होते, त्यामुळे माझी नोकरी तुला माहीत नाही. मी लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचे. एका लॅबसाठी. मोठ्या मावशीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला होता. पहाट संपता संपता स्कूटी काढायची, मागे डबा, डब्यात नळ्या, आणि मेहरूणच्या तलावाच्या कडेकडेनं जायचं. पाण्यावर धुकं असायचं, फिरायला आलेली म्हातारी माणसं धुक्यातून निघून परत धुक्यात जायची. मी ज्यांच्या दारात उभी राहायचे ते सगळे उपाशी आणि चिडलेले. पण सुई टोचून झाली की हसायचे, "ताई, समजलं बी नाही." मला ते काम आवडायचं, माय. हात हलका आहे असं सगळे म्हणायचे, आणि मनातून मला वाटायचं, हा हात तुझा आहे.

त्या दिवशी हायवेच्या चौकात मी लाल दिव्याला थांबले होते. थांबले होते हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण माझी चूक असती तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी जपून चालवीन, असं स्वतःला सांगता आलं असतं. डंपर मागून आला. मला आवाज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मधल्या पट्टीवरच्या कण्हेरीच्या झुडपात बसलेय, मांडीवर गुलाबी फुलं पडलीत, आणि समोर माझी स्कूटी पापडासारखी चपटी झालीय. नळ्या चिरडून रस्त्यावर रक्तच रक्त. लोक धावले, "बाई गेली, बाई गेली" म्हणून ओरडले. मी झुडपातून सांगत होते की ते रक्त माझं नाही, ते मेहरूणच्या लोकांचं आहे, त्यांना उद्या परत उपाशी राहावं लागेल. मला फक्त कोपराला खरचटलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "हातपाय धड शेतस ना? मंग देवनं नाव ले." मी देवाचं नाव घेतलं. कोपराची खपली पडली. पण नंतर दुसऱ्याच्या स्कूटीवर नुसती बसले, तर मानेपासून कंबरेपर्यंत पाठ गार पडली, कोणीतरी ओला टॉवेल टाकावा तशी. मग चालताना मागे बघायला लागले. दहा पावलं टाकली की वळून पाहायचं. भाजी घेताना, दळण आणताना, देवळात हात जोडलेले असताना. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहिलं की दार पाठीमागे येतं, म्हणून पोळ्या करपायच्या. एक डोळा तव्यावर, एक दारावर. एके दिवशी घरी आले तर नवऱ्यानं मला न विचारता शेगडी दुसऱ्या बाजूला नेलेली, माझं तोंड दाराकडे येईल अशी. तो डाळमिलमध्ये कामाला आहे, बोलायला त्याला दिवस पुरत नाही असं मी चिडवते. त्या दिवशी मी त्याच्यापुढे पहिल्यांदा रडले. लॅबनं दोन महिने वाट पाहिली आणि दुसरी मुलगी ठेवली. त्यांचं तरी काय चुकलं?

भरपाईचा दावा लावायचा हे नवऱ्यानंच ठरवलं. आमचे वकीलसाहेब पाचोऱ्याचे, वयस्कर, पान खाणारे. ते म्हणाले, "ताई, हाड मोडलं असतं तर सोपं होतं. एक्स-रे लावला की झालं. भीतीचा एक्स-रे निघत नाही." डंपरच्या विमा कंपनीचं म्हणणं एकच, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. मी काय दाखवणार? मला दाखवायला फक्त माझी मान होती, जी सारखी मागे वळायची.

आणि अशा वेळी मला तू आठवायचीस. कापसाच्या जिनिंगमधून कामावरून येणारी. मी उंबरठ्यावर बसलेली असायचे आणि तू रस्त्याच्या टोकाला दिसायचीस. केसांत, भुवयांवर, पापण्यांवर कापसाचं रुवं. संध्याकाळचा उजेड त्या रुव्यात अडकायचा आणि तू कडेकडेनं पेटल्यासारखी दिसायचीस. घरात येऊन तू पदर झटकायचीस, आणि चुलीच्या धगीवर ते रुवं तरंगत तरंगत वर जायचं. अजूनही झोप लागायच्या आधी मला ते वर जाताना दिसतं.

अशीच एक आठवण आखाजीच्या सणाची आहे. मी सात-आठ वर्षांची आहे. शाळेमागच्या निंबाला झोका बांधलाय, वैशाखाचा फुफाटा, बायका गौराईची गाणी म्हणतायत. तू मागे उभी राहून मला झोका देतेस. पुढे जाताना मला मजा वाटते, पण मागे येताना, न दिसणाऱ्या जागेत पाठ घालताना, मी दोर आवळून धरते. मी मान वळवून बघते आणि तोल जाऊन पडते. गुडघा फुटतो. मला वाटतं तू जवळ घेशील. तू दंडाला धरून उभी करतेस आणि रागावतेस, "मांगे कसाले दखस? दखू नको. मांगे मी शे ना." आणि रडत असतानाच मला परत बसवतेस. दर वेळी मागे येताना तुझे दोन तळवे पाठीला लागतात, खरखरीत, गरम. मी मागे बघत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मला मागे बघावंच लागलं नाही.

या आखाजीला माहेरी जायचं ठरलं तेव्हा मोठीच पंचाईत झाली. मनाचे डॉक्टर, ज्यांच्याकडे मी वर्षभर जातेय, ते म्हणाले, "झोक्यावर बसून बघा. थोडंच. भीतीच्या जवळ जाऊन परत यायचं." वकीलसाहेब म्हणाले, "निकाल लागेपर्यंत झोक्याला हात लावायचा नाही. आजकाल आखाजी काय, बारसंसुद्धा मोबाईलवर चढतं. त्यांनी एक फोटो दाखवला की संपलं. ताई, बरं व्हायचं ते घरात व्हा, अंगणात नको." आता सांग, माय, एकाची फी बरं होण्यासाठी आणि एकाची बरं न होण्यासाठी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी बसले पारोळ्यामार्गे धुळ्याच्या बसमध्ये, अगदी शेवटच्या सीटवर, पाठीमागे फक्त पत्रा ठेवून.

सकाळी भावानं पितरांच्या पूजेला तुझी घागर भरली. नवी, ओलसर वास येणारी, वर खरबूज आणि सांजोरी. कुंकवाचं बोट ओढत त्यानं एकेकाचं नाव घेतलं आणि तुझ्या नावाला त्याचा आवाज नेहमीसारखा खाली गेला. मी घागरीतल्या पाण्याकडे बघत होते. पाणी इतकं स्थिर होतं की त्यात छपरातलं कवडशाचं भोक दिसत होतं.

दुपारी निंबाखाली सगळ्या जमल्या. वहिनीनं झोक्याचा दोर धरून हाक मारली, "अक्का, बठा ना. मी देस झोका." मी तिला बाजूला नेऊन वकिलांचं सांगितलं. ती घरात गेली, आमरसाचं रिकामं धुतलेलं पातेलं घेऊन आली आणि सगळ्यांपुढे फिरवलं. "बठ्ठासना मोबाईल आठे टाका!" पोरी कुरकुरल्या, पण टाकले. पातेल्यावर ताट झाकून ती म्हणाली, "आते कोन दखस?"

मी बसले. लाकडाची फळी उन्हानं तापलेली होती. गाणं सुरू झालं. पुढे गेले तेव्हा निंबाची पानं, त्यातून आभाळ, लांब कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले पापड. मला वाटलं, अगं, हे तर येतंय मला. मग झोका मागे निघाला, आणि माझी मान फिरली. मी ओरडले. बायकांनी दोर धरले. मी उतरले आणि मातीत बसले, निंबाच्या बुंध्याला पाठ लावून. कोणी हसलं नाही. वहिनी शेजारी येऊन बसली आणि काहीतरी वेगळंच बोलत राहिली, कैऱ्यांचं, भावाच्या गुडघ्याचं.

महिन्याभरानं माझी उलटतपासणी झाली. साक्षीदाराचा पिंजरा असा की कोर्टाचं दार बरोबर पाठीमागे. दार करकरलं की मी वळायचे. समोरचे वकील धुळ्याचे निघाले, गोड बोलणारे. "रस्त्यावरचं रक्त तुमचं नव्हतं ना, ताई?" नव्हतं. "स्वयंपाक करता?" करते. "आता मागे काय बघताय?" मी पुन्हा दाराकडे पाहिलं. ते हसून न्यायाधीशांना म्हणाले, "शिकून आल्यात." मग हळूच, "आखाजीला माहेरी गेला होतात?" गेले होते. "झोका खेळलात?" फोटो नव्हता, काही नव्हतं. त्यांना फोटो लागतच नव्हता. खानदेशचा माणूस तो, आखाजीला माहेरी आलेली बाई काय करते हे त्याला आईच्या दुधाबरोबर ठाऊक. आमच्या वकीलसाहेबांनी डोळे मिटले. मी शपथ घेतली होती. मी म्हणाले, "हो. बसले होते."

न्यायाधीश कोकणाकडचे. त्यांनी विचारलं, "आखाजी म्हणजे?" आणि सगळं कोर्ट एकदम त्यांना समजावून सांगू लागलं, कारकून, शिपाई, दोन्ही वकील. अक्षय्य तृतीया, घागर, सांजोऱ्या, माहेरवाशिणींचे झोके. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, "किती वेळ बसलात?" मी म्हटलं, "एकदा पुढे, एकदा मागे. मागे येताना ओरडले. उतरले." तेवढ्यात दार वाजलं आणि मी पुन्हा वळले. ते न्यायाधीशांनी पाहिलं. मग त्यांनी शिपायाला दार लावून दाराला टेकून उभं राहायला सांगितलं, आणि टंकलेखकाला म्हणाले, "लिहा. साक्षीदार वारंवार मागे वळून पाहते. दार बंद केल्यावर पाहत नाही." दार बंद झाल्यावर मला पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट दिसला. मी बाकीची सगळी उत्तरं समोर बघून दिली.

निकालात ते वाक्य आलंय. मागितलं होतं त्याहून कमी मिळालं, वकीलसाहेबांनी धरलं होतं त्याहून जास्त. ते पान थुंकून म्हणाले, "ताई, तुमच्या मानेनं केस जिंकली." मी हसले. पण खरं सांगू, बाहेर पायरीवर बसून मी जी रडले ती पैशासाठी नाही. कोणीतरी लिहून दिलं की हे खरं आहे, यासाठी रडले.

हे पत्र पुढच्या आखाजीला तुझ्या घागरीखाली ठेवावं असं मनात होतं. नाही ठेवणार. घागर भाऊ उचलतो, आणि एक गोष्ट यात अशी आहे जी त्यानं वाचू नये. न्यायाधीशांनी शेवटी विचारलं होतं, "ओरडलात म्हणजे काय ओरडलात?" मी शपथेवर सांगितलं, आठवत नाही. वहिनी सगळ्यांना सांगते की अक्कानं घाबरून 'माय' म्हणून हाक मारली. मला आठवतं, माय. झोका मागे आला, मी मान वळवली, मागे वहिनी होती, हात पुढे केलेली, बिचारी. आणि मी ओरडले, "माय, कोठे शे तू?" मी घाबरले नव्हते त्या वेळी. मला तुझा राग आला होता. डंपरवाल्याचाही आला नाही इतका. तू म्हणाली होतीस, मागे मी आहे.