चावलेला मणी

३ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. दुरुस्तीला आणलेली आईची लाकडी माळ सोबत पाठवतेय. दोरा पार कुजला होता. एकसष्ट मणी ओल्या फडक्यानं पुसले, नवा रेशमी दोरा ओवला आणि प्रत्येक मण्यामागे गाठ मारली, म्हणजे तुटली तरी घरभर रांगायला नको. तुझे गुडघे काय ते मला माहीत आहेत!

एका मण्यावर माझ्या दातांच्या खाचा होत्या. लहानपणी चावला म्हणून आई मला चावरी म्हणायची. तेवढा पॉलिश पेपरनं घासला, रंग दिला. आता कुठला तो मलाही सांगता येणार नाही. मागच्या खेपेला आईनं मला नर्स समजून औषध मागितलं. ती मला विसरलीय, मग खूण ठेवून काय करू? तिच्या बोटाला टोचायला नको, इतकंच.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. माळ इतकी सुंदर झालीय की तुला काय लिहावं कळेना, म्हणून आठ दिवस गेले.

आई दिवसभर माळ बोटांतून फिरवते. तुझ्या खाचांवर बोट आलं की थांबायची आणि विचारायची, चावरी आली का शाळेतून. रोज. दोन वर्षं. हे मी तुला कधीच कळवलं नाही. तिला न्हाऊ-खाऊ मी घालते, आणि मला ती अहो बाई म्हणते. माझा जळफळाट व्हायचा, ताई. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

आता बोट गोल गोल फिरतं, कुठंच थांबत नाही. काल तिनं माळ फेकून दिली. मी सांगितलं असतं तर तू घासलाच नसतास. मला माफ कर.

तुझी,
मुंगी

१५ मार्च

चि. मुंगीस,
अ. आ. पत्र वाचून खूप रडले. तुझ्यावर रागावलेही, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं ती मला शाळेतून बोलावत होती, आणि मी इथं लोकांच्या माळा ओवत बसले.

पण पॉलिश पेपर माझ्याच हातात होता. रविवारी येते. तिच्यासमोर मणी चावते. पुढचे दोन दात बसवलेले आहेत, पडले तर पडले. रागातही लोभ आहेच.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू मणी चावलास तेव्हा आई हसली, एवढी मोठी बाई आणि मणी चावते म्हणाली. मग तू मोरीत नळ सोडून रडलीस. नळाच्या आवाजातही मला ऐकू आलं.

या वेळी काही लपवायचं नाही, म्हणून आजचं आजच लिहितेय. दुपारी तिचं बोट त्या खाचांवर थांबलं. मी जवळ जाऊन बसले. चावरीचं नाव तिनं घेतलं नाही. बराच वेळ बोट तिथंच होतं. मग तिनं मला विचारलं, ती मणी चावणारी बाई पुन्हा कधी येणार?

रविवारी, असं मी सांगून टाकलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
मुंगी