तिसरं कुलूप

४ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.
इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल. शेजारी चोर शिरला तेव्हापासून आपली भिंगरी झोपेनाशी झाली आहे. डोळे मिटले की तिला पावलं ऐकू येतात. आठ वर्षांची पोर, शाळेत फळ्याकडे बघत रडते. तिची आई मला म्हणते, कुलूपवाल्याच्याच घरात भीती शिरली, आता दाखवा कारागिरी. म्हणून तिच्या खोलीच्या दाराला आतून कुलूप बसवलं. त्या रात्री झोपली. आता आणखी एक मागते आहे. उद्या दुकानातलं सगळ्यात भारी लावतो. देवाला सांगतोच आहे, तूही सांग.
तुझ्या मायेच्या भरवशावर,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.
तुझं पहिल्यापासून असंच. पाय मुरगळला तरी हत्यारांची पेटी काढशील. रागावू नकोस, मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून जन्म गेला, त्यावरून सांगते. तू कुलूप लावलंस की तिला एवढंच कळतं, बाबांनाही वाटतंय कुणीतरी येणार. झोप उडालेलं मूल आधी चिडतं, मग गप्प होतं. गप्प झाली तर थांबू नकोस, मनाच्या डॉक्टरांकडे ने. त्यात लाजायचं काय? देवाला सांग, पण डॉक्टरांनाही सांग.
आहे तीच माया तुम्हा तिघांवर,
ताई

१६ जून

ती. ताईस,
सा. न.
तुझं पत्र आलं तेव्हा तिसरं कुलूप बसवून झालं होतं. किल्ल्या तिच्याकडेच होत्या. ती गप्प झालीच होती. मला वाटलं, शांत झाली.
आज दुपारी घरी आलो तर दार आतून बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. तिची आई दारावर डोकं टेकून उभी. जन्मभर लोकांची दारं उघडली, पण लेकीच्या दाराशी हात चालेना. शेवटी कुलपं तोडली. ती पलंगाखाली होती, किल्ल्या मुठीत, डोळे टक्क उघडे. तुटक्या कुलपाकडे बघून म्हणाली, म्हणजे बाबा, हे तुटतं. मग म्हणाली, पुन्हा उठावं लागणार नसेल तर मला झोपायला आवडेल.
ताई, देवापुढे बसलो, मागायला शब्द आला नाही. उद्या सकाळीच डॉक्टरांकडे नेतो. तिन्ही कुलपं काढली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती दाराला पडलेल्या भोकांकडे बघते आहे.
लोभ आता कागदावर पुरत नाही. रजा टाक आणि ये.
तुझा
धाकटा