बंगईच्या कड्या

जळगाव, २ एप्रिल १९८८

ती. सौ. कमलअक्कास,
गिरधरचा सा. न. वि. वि.

भांडण सोडलं तर इकडे सर्व ठीक. आई गेल्यावर नानांना शिंदखेड्याहून इथे आणलं, त्यांच्याबरोबर त्यांची बंगई आली, तिथून हे सुरू झालं. आम्ही दोघं नोकरीला गेलो की नाना दिवसभर तिच्यावर बसून झोके घेतात. कड्या करकरतात, पायाच्या रेट्यानं खालच्या चुडामणभाऊंच्या डोक्यावर धपधप होते. समोरच्या वच्छलाबाई सांगतात, ते आधी छताला काठी ठोकतात, मग जिन्यातून ओरडत वर येतात की बठ्ठी बिल्डिंग हालस, खालपासून वरपर्यंत बठ्ठी!

कड्यांना तेल घालून मी थकलो. आज घालावं तर उद्या पुन्हा कोरड्या. असं तेल पिणारं लोखंड मी पाहिलं नाही. आता चुडामणभाऊंच्या मुलानं, यादवनं, घरमालक मोतीलालशेठकडे लेखी तक्रार दिली. शेठ म्हणतात, बंगई काढा नाहीतर जागा सोडा. आईच्या माघारी नानांचा जीव त्या फळीवर आहे, ती कशी काढू? म्हणून करार संपायच्या आतच घर सोडतो आहे. डिपॉझिटवर पाणी सोडलं. नशिराबादला सुटं घर मिळतंय, आजूबाजूला कुणी नाही.

अखाजीच्या सणाला नानांना तुझ्याकडे पाठवतो, तेवढ्यात सामान हलवतो. त्यांना मात्र सांगू नकोस. आपल्यापायी घर सोडावं लागलं हे त्यांच्या मनाला लागेल. भाऊजींना नमस्कार. माया आहे तीत उणं पडू देऊ नकोस.

तुझा गिरधर


धुळे, २२ एप्रिल १९८८

चि. गिरधरास,
अक्काचे अ. उ. आ.

बापासाठी घर सोडणारा मुलगा म्हणून आमच्या गल्लीत तुझं फार कौतुक झालं. ते मीच केलं. सणाला पुरणपोळी केली, सांजोऱ्या केल्या. नाना जेवले, पण लक्ष नाही. तुझी चौकशी नाही, सुनेची नाही. विचारलं ते चुडामणभाऊंचं, त्यांचा खोकला बसला का म्हणून. वैऱ्याची एवढी काळजी मी पहिल्यांदाच पाहिली.

सामान हलवल्याचं तुझं पत्र आलं. आनंदाची बातमी आहे, सांगून टाकावी असं वाटलं. तू नको म्हणाला होतास, पण माझ्या पोटात काही राहतं का? नानांनी ताट सारलं आणि अंगणात जाऊन बसले. आता तुलाच पत्र लिहिताहेत आणि मला बघू देत नाहीत. बसून वाच. पाठच्या भावावरचा लोभ कळावा.

तुझी अक्का


धुळे, २२ एप्रिल १९८८

चि. गिरधरास,
नानांचे आशीर्वाद.

द्यायचे म्हणून दिले. मनातून तुझा राग आला आहे.

सकाळी तुम्ही दार ओढून निघता आणि मला दिवस खायला उठतो. चुडामणचंही तेच. त्याला मधुमेह, सुनेनं साखर बंद केली आणि नजरही ठेवली. वर चहाला जातो म्हटलं तर ती सोडत नाही. भांडायला जातो म्हटलं की कुणी अडवत नाही. म्हणून मी कड्या वाजवायच्या, त्यानं काठी ठोकायची, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडायचं आणि आत येऊन बंगईवर माझ्या शेजारी बसायचं. त्याच्या कपात मी चिमूटभर साखर टाकायचो. तेवढ्यावर गडी खूश. तुझ्या आईचं नाव मी त्याच्याजवळच काढत असे. तुमच्याजवळ काढलं की तुम्ही विषय बदलता.

तू तेल घालायचास, मी ते धोतराच्या सोग्यानं पुसायचो. आमचं सोंग इतकं वठलं की त्याच्या पोरानं तक्रार दिली आणि माझ्या पोरानं घर सोडलं. दोन्ही पोरं गुणी निघाली, करता काय!

नव्या घरात बंगई मुळीच वाजत नाही असं तू अक्काला लिहिलंस. वाजून तरी येणार कोण? मी इथेच राहतो. सुनेला आशीर्वाद. राग ओसरल्यावर लोभ आहेच.

नाना


नशिराबाद, ८ मे १९८८

ती. नानांच्या पायाशी,
गिरधरचा शि. सा. न.

पत्र वाचून हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. काल जुन्या बिल्डिंगमध्ये गेलो. आपल्या जागी एक जोडपं आलं आहे. दोघं नोकरीला, दिवसभर घरात चिटपाखरू नाही. तरी चुडामणभाऊ जिना चढतात. वच्छलाबाई म्हणाल्या, कुलपासमोर उभे राहून ओरडतात आणि खाली येतात. यादव बिचारा नव्या भाडेकरूंविरुद्धही तक्रार द्यायच्या बेतात होता.

त्याला मी एवढंच म्हटलं की भाऊंचं आणि आमच्या नानांचं भांडण अर्धवट राहिलं आहे, ते मिटवायला दर रविवारी भाऊंना नशिराबादच्या बसमध्ये बसवून देत जा. त्याला ते पटलं. जिन्यात भाऊंनी माझा हात धरला. नाना नसतील तर येऊन भांडू कुणाशी, असं विचारत होते.

आईचं नाव आमच्याजवळही काढा नाना. आता विषय बदलणार नाही.

तुम्ही या. कड्यांचं तेल मी सकाळीच पुसून ठेवलं आहे.

तुमचा गिरधर