मामाची कवळी

३ मार्च, सोमवार
पुन्हा दुपार गेली. डबा उघडला तेव्हा सव्वाबारा, मान वर केली तर पाच! मधल्या वेळात तीन कवळ्यांचे दात मेणात बसवून झालेले. लॅबमधलं टेबल माझंच, काम चोख. पण चाकू डावीकडे ठेवलेला – आणि मी उजव्या हाताची. मालक म्हणाले, "आज मूग गिळून बसला होतात की काय?" मी हसले. दुसरं काय करणार?

५ मार्च
डॉक्टरबाईंनी आज नीट समजावलं. लहानपणी जे सोसवत नाही ते सोसायला मन स्वतःचे तुकडे करतं. तुकडे वेगवेगळे वाढतात, एकाला दुसऱ्याची खबर नसते. "हे वेड नाही. तुम्ही तगलात, त्या अशा तगलात."

"किती जणी आहेत?"

"मला दोघी भेटल्यात. एक सात वर्षांची. दुसरी डावखुरी – ती कुणाला घाबरत नाही."

त्या सात वर्षांच्या मुलीनं त्यांना मामाबद्दल सांगितलंय. तो आमच्याकडे राहायला होता, माळ्यावरच्या खोलीत. मला ती खोली आठवते, आतलं काही नाही. शेजारच्या कुणा मुलीची हकिकत ऐकावी तशी ऐकली. मग बस पकडून घरी आले, कपडे वाळत घातले.

८ मार्च
काही नाही. उठले. झोपले.

११ मार्च
आईचा फोन. मामाचे उरलेसुरले दात काढले म्हणे. "घरात तू असताना बाहेर कशाला टाकायचं कवळीचं काम? साचा पाठवते उद्या."

मी "बरं" म्हणाले. बरं!

१२ मार्च
मामाच्या तोंडाचा साचा टेबलावर. पांढरं प्लास्टर. हिरड्या, टाळू, सगळं स्वच्छ उमटलेलं. हातात घेतला. गार. नेहमीसारख्या कडा घासायला घेतल्या –

एवढंच आठवतंय.

१३ मार्च
साचा जागेवर नाही. मालक म्हणाले, "अहो, काल तुम्हीच खोक्यात भरून परत धाडलात की! वर चिठ्ठी लिहून."

संध्याकाळी आईनं फोनवर ती चिठ्ठी वाचून दाखवली – 'आम्ही हे काम करणार नाही. का, ते त्याला विचार.'

"आम्ही म्हणजे कोण गं? आणि हे अक्षर कुणाचं?"

मी फोन ठेवला. घाबरायला हवं होतं. भांडी घासली.

१५ मार्च, शनिवार
आई आली. बस म्हटलं तरी बसेना. दारातच उभी राहून म्हणाली, "तू तेव्हाही सांगितलं होतंस मला. सात वर्षांची होतीस. मी तुझ्याच तोंडात मारली."

सत्तावीस वर्षं मला वाटत होतं, आपण तोंडच उघडलं नाही.

रडू आलं. कुणाचं, ते नाही विचारलं.