पिवळ्या पट्टीची वायर

कोरेगाव, जि. सातारा
९ फेब्रुवारी २०२५

चि. वैष्णवी हिस,
हौसेरावमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला प्लेयर पोचला. डबी काडेपेटीएवढी आणि आवाज म्हणे मोठा. म्हणे असं लिहितो, कारण मी अजून ऐकलेलाच नाही. दिवाळीला तू दिलेल्या हेडफोनची पिन बारीक आणि या डबीचं सॉकेट भलं मोठं. पोराने बापाची चप्पल घालावी तशी ती आत खुळखुळते. शेजारी आणखी एक लहान सॉकेट आहे, त्यातही बसत नाही. आमच्या साउंड सर्व्हिसच्या धंद्यात एक पिन सगळ्या गावाला पुरायची. तुमच्या नवी मुंबईत पिना किती जातींच्या झाल्यात ते एकदा सविस्तर कळव. फोन करू नकोस, फोनवरचं मला परत वाचता येत नाही.

साताऱ्यात दुकानदार एक जोडपिन देत होता. मी घेतली नाही. घरची पोरगी नवी मुंबईत पावणे इथल्या कारखान्यात हेडफोनच्या वायरी बनवते आणि मी बाहेरची पिन घेऊ, असं त्याला चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवून आलो. चैत्रात यात्रा आहे. भजनाला मिक्सरवर नेहमीप्रमाणे मीच बसणार. यंदा तालमीचं रेकॉर्डिंग डबीत भरून, हेडफोनवर ऐकून आवाजाची मांडणी ठरवावी म्हणतो.

मामी बरी आहे, गुडघे सोडून. माया आहे तशी ठेव.
तुझा,
हौसेरावमामा


कामोठे, नवी मुंबई
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामांस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. बापाच्या चपलेवर ती इतकी हसली की खालून सोसायटीचा वॉचमन वर बघायला लागला. भाऊ अजून तसाच आहे म्हणाली.

आता पिनांचं. साध्या हेडफोनला तीन तारा असतात. डाव्या कानाची एक, उजव्याची एक आणि परतीची दोघांत सामाईक, तुमच्या आणि धाकट्या मामांच्या विहिरीसारखी. बॅलन्स्ड म्हणजे वाटणी झालेली. दोन्ही कानांची जायची तार वेगळी, यायची वेगळी, म्हणून चार. या चार तारांच्या पिना तीन जातींच्या. तुमच्या हेडफोनची अडीच मिलिमीटरची, नाजूक, खिशात वाकते. प्लेयरची चार पॉइंट चारची, जाडजूड, हल्ली सगळे तिच्याच मागे. तिला पाचवा कप्पा असतो, पण तो हेडफोनला लागत नाही. आणि टेबलावरच्या मोठ्या अँप्लिफायरला चार काड्यांची गोल पिन, तुमच्या माइकच्या तीन काड्यांच्या पिनेची थोरली बहीण.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. चार तारांचा हेडफोन साध्या सॉकेटला जोडपिन लावून चालतो, परतीच्या दोन तारा एकत्र केल्या की झालं. उलटं चालत नाही. तीन तारांचा हेडफोन बॅलन्स्ड सॉकेटला लावला, तर अँप्लिफायरच्या दोन बाजू एकमेकींना भिडतात आणि तो जळूही शकतो. एकदा वाटणी झाली की सामाईक वापरायला जाऊ नये, भांडण होतं. तेव्हा तुमचा तो एका कानाने मुका झालेला जुना हेडफोन जोडपिन लावून मोठ्या सॉकेटात घालायचा नाही. तुम्हाला मामींची शपथ.

तुमच्या हेडफोनची वायर निघते. ती तेवढी पाठवा, मी पिन बदलून देते. आणि एक सांगायचं राहिलं. कारखान्यात मला स्वतःचं टेबल मिळालं. आमच्याकडे जो पिन बसवतो, त्याच्या रंगाची पट्टी वायरीवर चढते. कुणाचं काम ते लगेच कळतं. मला रंग विचारला तेव्हा मी पिवळा सांगितला. तुमच्या साउंड सर्व्हिसच्या प्रत्येक वायरीवर पिवळी पट्टी असायची, दुसऱ्या मंडपवाल्याच्या वायरींत मिसळू नये म्हणून. तो रंग मी दुसऱ्या कुणाला कशी घेऊ देईन?

मामींना नमस्कार. माझ्यावर रागावायचं असलं तरी पत्रातूनच रागवा, पत्र तरी येईल.
तुमची,
वैष्णवी


कोरेगाव
५ मार्च २०२५

चि. वैष्णवी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

वायर मिळाली. पिवळी पट्टी बघून छाती फुगली. पिन तर अशी बसली, की खट् असा आवाज आला आणि मामी स्वयंपाकघरातून काय मोडलं म्हणून बघायला आली. वायर भजनी मंडळात सगळ्यांच्या हातून फिरवून आणली. ज्ञानू पेटीवाल्याने विचारलं की आवाज कसा आहे. मी सांगितलं, भाचीच्या हातचा आहे, त्यात बघायचं काय.

यंदा यात्रेला मिक्सरवर दुसऱ्या कुणाला बसवावं असं मनात आहे. वय झालं. तू त्याचं टेन्शन घेऊ नकोस, टेबलावर लक्ष दे.

जास्त काय लिहू. लोभ आहे, तो लांबूनही पोचतो.
हौसेरावमामा


कोरेगाव
१२ मार्च २०२५

चि. वैष्णवीस,
शालनमामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहिती हाय. लिहू नको म्हणून त्यांनी बजावलंय, तवा उत्तर माझ्या नावानं धाड.

तुझी वायर आल्यापासनं ह्यांचं काय तरी बिनसलंय. दिवसातनं चारदा हेडफोन कानाला लावतात, डोळं मिटून बसतात, काढून ठेवतात. तालमीचा पहिलाच अभंग ऐकून मला म्हणाले, शालन, माझं कान गेलं. भजनातली राजाबाई मधी उभी ऱ्हाऊन गाती, पण मला ती डोक्याच्या मागनं गाती असं वाटतं, आन् आवाजात जीवच नाही. डावीकडं बसलेला ज्ञानूबी उजवीकडं ऐकू येतो. मी म्हटलं, वैष्णवीला विचारा. तर म्हणाले, तिनं एवढं मनापासनं केलंय, तिला म्हाताऱ्याच्या कानाचं रडगाणं कशाला. काल यात्रा कमिटीचे बाबासो आले होते, त्यांना सांगून टाकलं, साताऱ्याचा माणूस आणा, मी बसत नाही. बाबासो गेल्यावर मिक्सर पुसला आन् चादरीत बांधून माळ्यावर टाकला. पुसताना मी त्यांचं तोंड बघितलं, म्हणून लिहिती. आता कानाच्या डॉक्टरकडं जायाचं म्हणतात. लोकांना मात्र अजून वायर दाखवत फिरतात.

तुझ्या आईला यातलं सांगू नको. ती रडत बसंल.
तुझी मामी


कामोठे
१७ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

मामींवर रागावू नका, त्यांनी मला लिहिलं. आधी मिक्सर माळ्यावरून काढा, मग पुढचं वाचा.

तुमचे कान गेलेले नाहीत. वायर चुकली आहे, आणि ती मी चुकवली आहे. तुम्ही मला पहिल्यांदा तारा डागायचा कैया हातात दिलात तेव्हा शिकवलं होतं, टोकाची तार टोकाला, बुडाची बुडाला. साध्या पिनांत ते कधी चुकलं नाही. मी तुमची अडीचची पिन कापली आणि त्याच क्रमाने तारा चार पॉइंट चारला लावल्या. पण अडीचची पिन टोकाकडून उजव्या कानाने सुरू होते आणि चार पॉइंट चारची डाव्या. त्यामुळे डावं-उजवं बदललं, आणि वर एका कानाच्या तारा आपसांत उलट्या झाल्या. एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग जे मधे असायला हवं तेच पोकळ होतं आणि डोक्याच्या मागे गेल्यासारखं वाटतं. राजाबाईंचं नेमकं तेच झालं.

मीटरवर चारही तारा बोलल्या होत्या, पण तार तुटलेली नाही एवढंच मीटर सांगतो. मी पावण्याच्या मशिनींच्या खडखडाटात दोन मिनिटं ऐकलं आणि पास केलं. कारखान्याच्या वायरी आमची तपासनीस अक्षता ऐकून पास करते. ही घरची म्हणून मी तिला दिलीच नाही. तुमचं कळल्यावर मुद्दाम तशीच उलटी वायर करून तिच्या कानाला लावली. दुसऱ्या गाण्याला तिने भुवया चढवल्या. तुम्हाला पहिल्या अभंगात कळलं होतं. मला चुकीची लाज वाटली मामा, पण त्याहून अभिमान जास्त वाटला. टेबलावर सगळ्यांना सांगितलं की ही चूक कोरेगावात बसून माझ्या मामांनी ऐकली. आता आमच्याकडे प्रत्येक वायरीवर एका बाईचं गाणं लावतात, आणि ती मधे उभी आहे असं ऐकू आलं तरच वायर पास होते. या तपासणीला सगळे मामांची परीक्षा म्हणतात.

सोबत नवी वायर आहे, अक्षताने ऐकलेली. जुनी तेवढी परत पाठवा, आणि बाबासोंना निरोप द्या की साताऱ्याचा माणूस नको. एक मात्र मला खरंच कळत नाही. एवढं स्पष्ट ऐकू येत असताना तुम्ही वायरीवर संशय कसा घेतला नाही?

उत्तर लवकर द्या, माया उधार ठेवू नका.
तुमची,
वैष्णवी


कोरेगाव
२४ एप्रिल २०२५

चि. वैष्णवी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

यात्रा पार पडली म्हणून आज निवांत लिहितो. मिक्सरवर मीच होतो. नवी वायर लावून तालीम ऐकली तेव्हा राजाबाई अशी समोर येऊन उभी राहिली, की मी नमस्कार केला. मामी हसली, मग डोळे पुसत आत गेली. यात्रेच्या भजनाला शेवटच्या ओळीपर्यंत एक माणूस उठला नाही. बाबासोंनी माइकवरून माझं नाव घेतलं, मी त्यांच्या हातून माइक घेऊन पावण्याच्या कारखान्यासकट तुझं घेतलं. पावणे कुठं आलं, असं निम्म्या गावाने मला विचारलं.

टोकाची तार टोकाला हा नियम मी आता बदलला आहे. टोकाची तार टोकाला, पण आधी वैष्णवीला विचारून. कानाच्या डॉक्टरकडे गेलो नाही, तेवढ्या वेळात मामीचे गुडघे दाखवून आणले.

जुनी वायर परत मागितलीस, ती मिळणार नाही. मिक्सरच्या वरच खुंटीला टांगली आहे. आणि संशय का घेतला नाही म्हणून विचारलंस. अगं, उभ्या जन्मात मी पिवळ्या पट्टीची वायर कधी तपासली नाही. बाकी सगळं तपासायचो. ती वायर आपली असते. पट्टी दिसली, म्हणून मी माझे कान तपासायला निघालो.

माया आहेच, ती आता दोन्ही कानांनी ऐकू येते.
तुझा,
हौसेरावमामा