दाराकडचा वाटा

आई, आज दुपारी मी मामाच्या अंगणात प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर वाळूचा ढीग केला, तो सपाट केला, पट्टीने त्याचे चार वाटे पाडले आणि मग कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. कुठले दोन ठेवायचे आणि कुठले दोन टाकायचे, तेच मला ठरवता येईना. तुला हसू आलं असतं. हे काम तू दिवसातून वीस-पंचवीस वेळा करायचीस, डोक्याला टॉवेल बांधून, शेजारणीशी गप्पा मारत. सोमवारी मला विद्यापीठात परत जायचं आहे, आणि तिथे गेल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांना जे सांगायचं आहे ते कसं सांगू हे कुणाला विचारावं ते कळत नाही.

खाणीवरची ती नमुन्याची शेड मला अजून वासासकट आठवते. पत्र्याचं छत, लोखंडाची लाल धूळ, मोठ्या तव्यावर वाळत घातलेला ओला माल. बाबा मी पाळण्यात असतानाच गेलेले, घरी कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की मी थेट तिथेच यायचे. ट्रकमधून आलेल्या मालाचा ढीग करायचा, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे बाजूला सारायचे. उरलेलं पुन्हा कालवायचं, पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. शेवटी ओंजळभर भुकटी पिशवीत जायची, आणि बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या ट्रकांचा दर्जा त्या ओंजळीवर ठरायचा. एकदा तुझी पाठ वळलेली असताना मी ढिगातले काळे चकाकते तुकडे वेचून पिशवीत टाकत होते. आईचा माल चांगला दिसू दे, एवढंच माझ्या मनात. तू वळलीस आणि हातावर फाडकन चापट मारलीस.

"ह्या काय करतंस गो?"

"बरे बरे निवडतंय."

"नमुनो निवडूचो नसता, चेडवा. नमुनो घेवचो आसता."

शेजारची बाई हसत म्हणाली, "रवांदे गो, आवशीचो पगार वाढवता ता!" तू हसली नाहीस. सुटायची वेळ झाली होती, तरी अख्खी पिशवी रिकामी करून तू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. मी डोळे पुसत बघत होते. मग मीच विचारलं की चारातले कुठले दोन ठेवायचे हे तुला कसं समजतं. तू म्हणालीस, "दाराकडचो आणि तेच्या समोरचो. रोज. आधीच ठरवन ठेवल्यार बघूचा लागणा नाय. बघला की मन जाता."

पुढे खाण बंद पडली आणि आपण इथे तुझ्या माहेरी, समुद्रावर राहायला आलो, तरी तुझी ती सवय गेली नाही. कुडाळच्या बाजारात तू तांदळाच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालायचीस. दुकानदार वैतागायचा. "वयनी, वरचो बघा ना, मोत्यासारखो आसा." तू म्हणायचीस, "वरचो सगळ्यांचोच मोत्यासारखो आसता. तळातलो काढ." मला लाज वाटायची. मी चार पावलं मागे उभी राहून दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असल्यासारखं दाखवायचे. शेडमधून तू एकच वस्तू घरी आणली होतीस, मऊ केसांचा चपटा ब्रश, मूठ झिजलेला. तो मला देताना म्हणालीस की कागदावर शेवटी जी धूळ राहते तीही नमुन्यातलीच, ती झाडून घ्यायची. मी तेव्हा त्याने बाहुलीचे केस विंचरले. मी आठवीत असताना तू गेलीस. ब्रश राहिला.

त्याच ब्रशाने मी आता काम करते. आपल्या घरातली पहिली पदवीधर, आणि निवडला काय विषय तर तुझाच. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत जड खनिज किती आहे, ते वेगळं कसं काढता येईल, याचं मी संशोधन करते. काळे कण जड असतात. कागद झाडायला गेलं की पांढरी वाळू आधी निघते आणि काळ्याची बारीक रेघ सगळ्यात शेवटी तळाशी उरते. पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा तुझं धुळीचं बोलणं मला कळलं. पुस्तकात मी ते नंतर वाचलं.

आता जे सांगायचं आहे ते. गेल्या हिवाळ्यात मी किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर जागा आखल्या होत्या. प्रत्येक जागी पाइप ठोकायचा, आतली वाळू काढायची, पिशवीवर नंबर घालायचा. सतरावी जागा आपल्याच गावात आली, खाडीच्या तोंडाशी, जिथे मामाची आणि इतरांची होडकी ओढून ठेवलेली असतात. तिथली वाळू काजळीसारखी काळी, लहानपणी आपले पाय भाजायचे ती. मी पाइप टेकवला आणि होडक्याची डागडुजी करणारा एक म्हातारा म्हणाला, "रेवेचो अभ्यास करतंस? कर हां. आणि मगे आमका हयसून उठव." सगळे हसले. मीही हसले. आणि मग पाइप उचलून चाळीस पावलं दक्षिणेला गेले, जिथे वाळू पांढरी आहे, आणि तिथली वाळू भरून पिशवीवर सतरा लिहिलं. वहीत जागा आधी आखलेलीच ठेवली. कुणी मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, इथलं खनिज कागदावर आलंच नाही तर खणायलाही कुणी येणार नाही, मी गाव वाचवलं. परतीच्या एसटीत मला स्वतःचा अभिमान वाटत होता, आई.

आता तीच पिशवी माझ्या मानगुटीवर बसली आहे. दोन्ही बाजूंच्या वाळूत जड खनिज भरपूर आणि मधल्या सतरामध्ये जवळजवळ नाहीच, हे सरांच्या नजरेत आलं. मला वाटलं, पकडले गेले. पण सर खूश झाले. "खाडीचा प्रवाह ते कण वाहून नेत असणार! यावर स्वतंत्र प्रकरण लिही. हा तुझ्या प्रबंधाचा गाभा होईल." मी मान हलवली. तीन महिने मी त्या न घडलेल्या गोष्टीची कारणं लिहिते आहे. नकाशे काढले, बाण काढले. वाईट हे की प्रकरण चांगलं झालंय. कुणीतरी ते वाचून त्यावर पुढचं काम करील. आणि मी या शाखेत आले होते ते कशासाठी, तर उद्या कुणी या किनाऱ्याबद्दल बोलायला लागलं तर आपल्यातलं कुणीतरी खरे आकडे घेऊन उभं राहावं म्हणून. इथे खणू नका असं मी म्हणायला उभी राहिले आणि कुणी येऊन फक्त चाळीस पावलं चाललं, तर माझ्या पुढच्या एकाही शब्दाला किंमत उरणार नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता दुसरं काही सुचत नाही.

म्हणून आज सकाळी पाइप घेऊन खाडीवर गेले. मामा होडक्याला तेल लावत होता. बघितलं आणि हातोडा घेऊन उठला.

"गेल्या वर्सा थंय गेल्लंस. आज हयसर?"

"तेव्हा जागा बदललंय, मामा. मुद्दाम."

"माका ठावक आसा. बघी होतंय. गप रवलंय."

"कित्याक?"

"बरा वाटला, म्हणान." आणि वर, "तुझी आवस आसती तर पाठ सोलून काढल्यान आसती. तुझी, आणि माझी पण."

मी विचारलं, आता हे काळं कागदावर गेलं तर? त्याने हातोड्याचा दांडा हलवून बघितला. "मशनी येतले काय?"

"माका ठावक नाय, मामा."

"बरा." एवढंच म्हणाला. मग पाइपवर हातोडा उगारला. "सरळ धर. वाकडो जाता."

दोन वेळा त्याने थांबून होडक्यांकडे पाहिलं. पण ठोकायचं सोडलं नाही.

ती नवी पिशवी आता माझ्यासमोर आहे. नंबर सतरा, आणि खाली जागा, जिथली आहे तिथली. वहीत गेल्या वर्षीच्या नोंदीखाली चाळीस पावलांची गोष्ट लिहून तारीख घातली आहे. सोमवारी वही आणि पिशवी दोन्ही सरांच्या टेबलावर ठेवीन. ते काय म्हणतील, प्रबंधाचं काय होईल, गावात कुणी माझ्याशी बोलेल का, यातलं काहीच मला माहीत नाही. मामा पडवीत झोपलाय. की झोपल्यासारखं करतोय.

हे पत्र कुठे जायचं नाही. तू असतीस तरी तुला ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुला आकडे ओळखता यायचे, अक्षरं नाही. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. आज अंगणात खाडीवरच्या या वाळूचे चार वाटे मी एकदा नाही, तीनदा केले. पहिल्या दोन वेळी मी बघितलं, आणि जे दोन जरा पांढरे वाटले तेच ठेवले. तिसऱ्या वेळी सगळं पुन्हा कालवलं, ढीग केला आणि दाराकडचा वाटा ठेवला, आणि त्याच्या समोरचा. मग ब्रशाने कागद झाडला. तुला वाचून दाखवताना ही पहिल्या दोन वेळांची ओळ मी गाळली असती.